हातापायांत ताकद शाबूत असूनही पक्षाघात कसा? मेंदूच्या मागच्या भागातील स्ट्रोकविषयी माहिती हवी आहे

वारणाकाठ

नमस्कार. माझे वडील 64 वर्षांचे असून त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. गेल्या आठवड्यात पहाटे उठल्याबरोबर त्यांना गरगरू लागले, पाठोपाठ उलट्या झाल्या आणि पलंगावरून उतरताना ते उजव्या बाजूला कलंडले. जवळच्या दवाखान्यात त्यांना दोन्ही हात वर धरायला सांगितले, दोन्ही पाय उचलून पाहिले, हसून दाखवायला लावले. ताकद उत्तम होती, तोंड वाकडे नव्हते, बोलणे समजत होते. त्यामुळे पित्त वाढले असावे असे सांगून उलटीचे इंजेक्शन आणि सलाइन देऊन घरी पाठवण्यात आले. दुपारपर्यंत आवाज घोगरा झाला, पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागू लागला आणि उचकी सुरू झाली ती थांबेचना. तेव्हा आम्ही त्यांना शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण दुसऱ्या दिवशी केलेल्या एमआरआयमध्ये मेडुलाच्या उजव्या कडेला इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मृत झालेला भाग) असल्याचे आणि उजवी व्हर्टेब्रल धमनी बंद झाल्याचे दिसले. लहान मेंदूच्या खालच्या भागातही थोडा डाग असल्याचे अहवालात लिहिले आहे.

सध्या त्यांची प्रकृती स्थिर आहे, नाकातून नळी घातलेली आहे आणि ते पूर्ण शुद्धीवर आहेत. मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पक्षाघात म्हणजे एक बाजू लुळी पडणे, एवढेच आम्हाला ठाऊक होते; इथे एकही अवयव लुळा नाही, मग हा पक्षाघात कसा? त्यांचा उजवा गाल बधिर आहे आणि उजवी पापणी किंचित खाली आली आहे, मात्र अंग पुसताना परिचारिकेच्या असे लक्षात आले की डाव्या पोटरीवर गरम फडका ठेवला तर त्यांना फडक्याचा स्पर्श कळतो, पण तो गरम आहे हे कळत नाही. चेहरा उजवा आणि पाय डावा, हे कोडे आम्हाला उलगडत नाही. उचकीचा आणि मेंदूचा काय संबंध? आणि पुढे ते पूर्वीसारखे चालू, जेवू, बोलू शकतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शुश्रूषा

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न तपासता औषधोपचार सुचवणे योग्य नाही, त्यामुळे ते निर्णय तुमच्या डॉक्टरांवरच सोपवावेत. लक्षणांचा अर्थ मात्र इथे सविस्तर सांगता येईल, कारण तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की केवळ ते वाचून इजा कुठे झाली असावी हे सांगता आले असते.

मेंदूला रक्त दोन मार्गांनी मिळते. मानेच्या पुढच्या बाजूने जाणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्या मोठ्या मेंदूच्या बहुतेक भागाला रक्त पुरवतात. मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टेब्रल धमन्या कवटीत शिरल्यावर एकत्र येतात आणि त्यांची बॅसिलर धमनी होते; मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग), लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूचा दृष्टीशी संबंधित मागचा भाग हे सर्व या मागच्या मार्गावर अवलंबून असतात. रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण एक पंचमांश या मागच्या मार्गातील असतात. म्हणजे हा प्रकार दुर्मीळ नाही, पण लोकांच्या मनातील पक्षाघाताच्या चित्राशी त्याचे रूप जुळत नाही आणि म्हणूनच तो निसटतो.

मेडुला हा मस्तिष्कस्तंभाचा सर्वांत खालचा भाग. त्याची जाडी जेमतेम अंगठ्याएवढी असते, आणि एवढ्याशा जागेतून शरीराच्या सर्व वाटा वर-खाली जातात. हातापायांना हालचालीचा आदेश नेणारे तंतू त्याच्या पुढच्या भागात, मध्यरेषेला लागून असतात. तुमच्या वडिलांची इजा कडेला, मागच्या बाजूस आहे. आदेशाची ती वाट सुटली, म्हणून ताकद शाबूत राहिली. जे तंतू आणि जी केंद्रे कडेला आहेत तीच सापडली, आणि त्यांची यादी केली की तुमच्या वडिलांची लक्षणे एकेक करून जुळत जातात.

प्रथम चेहरा आणि पाय यांचे कोडे. धडाकडून आणि हातापायांकडून वेदना व तापमानाची जाणीव आणणारे तंतू पाठीच्या कण्यातच बाजू बदलतात. डाव्या पायाची जाणीव मेडुलात पोहोचते तेव्हा ती उजवीकडे आलेली असते. उजव्या चेहऱ्याची वेदना व तापमानाची जाणीव मात्र या पातळीवर अजून उजवीकडेच असते, ती पुढे बाजू बदलते. त्यामुळे मेडुलाच्या उजव्या कडेला एकच इजा झाली की उजवा गाल आणि डावे अंग अशी उलटसुलट जाणीव हरपते. साध्या स्पर्शाची वाट वेगळी, मध्यरेषेजवळून जाणारी असल्यामुळे ती वाचली. फडका कळला पण त्याचा गरमपणा कळला नाही, ही परिचारिकेची नोंद अत्यंत मोलाची आहे. ती डॉक्टरांना सांगितली नसल्यास अवश्य सांगावी. चेहऱ्याची एक बाजू आणि शरीराची विरुद्ध बाजू अशी लक्षणांची जोडी दिसली की इजा मस्तिष्कस्तंभात आहे, असे आम्ही जवळजवळ गृहीतच धरतो.

पापणी खाली येणे, त्या डोळ्याची बाहुली लहान दिसणे आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम कमी येणे, हे तिन्ही एकाच कारणाने होते: अनुकंपी चेतासंस्थेचे (बाहुली, घाम अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) तंतू मेडुलाच्या कडेनेच खाली उतरतात. घसा, स्वरतंतू आणि गिळण्याचे स्नायू चालवणारे केंद्र तिथेच असल्यामुळे आवाज घोगरा झाला आणि ठसका लागू लागला. तोलाच्या जाणिवेची केंद्रे शेजारीच असल्याने गरगरले आणि उलट्या झाल्या. लहान मेंदूकडे जाणारा तंतूंचा जुडगा दुखावल्यामुळे ते उजव्या बाजूला कलंडले. श्वासाची आणि गिळण्याची लय सांभाळणारी मंडले मेडुलात असतात. ती बिघडली की उचकी लागते, आणि कधी कधी ती कित्येक दिवस टिकते. साधी उचकी आपोआप थांबते. ही थांबत नसेल आणि झोप मोडत असेल, तर तिच्यावर देता येतील अशी औषधे आहेत, तेव्हा ती मुकाट्याने सोसू देऊ नये.

या लक्षणसमूहाला वालेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क, येथील डॉक्टर अ‍ॅडॉल्फ वालेनबर्ग यांनी 1895 मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले आणि इजा नेमकी कुठे असेल याचा अंदाज केवळ तपासणीवरून बांधला. त्या रुग्णाच्या मृत्यूनंतर केलेल्या विच्छेदनाचा अहवाल त्यांनी 1901 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा अंदाज खरा ठरला होता. त्या काळात स्कॅन नव्हते. तुमच्या वडिलांसारखा रुग्ण आजही स्कॅनच्या आधी, कॉटशेजारीच ओळखता येऊ शकतो; मात्र त्यासाठी त्याला उठवून बसवावे लागते, चालवून पाहावे लागते, एक घोट पाणी गिळताना निरखावे लागते आणि चेहऱ्यावर व पायावर थंड वस्तू लावून विचारावे लागते. केवळ हात वर करायला लावून ही तपासणी पूर्ण होत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सीटी स्कॅन नॉर्मल आला याचे आश्चर्य वाटू देऊ नका. कवटीचा मागचा-खालचा कप्पा जाड हाडांनी वेढलेला असतो आणि त्या हाडांमुळे सीटीच्या चित्रात तिथे पट्टे उमटतात. शिवाय ताजे इन्फार्क्ट पहिल्या काही तासांत सीटीवर दिसतच नाही. रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहण्यासाठी सीटी उत्तम. पण मेडुलातील छोट्या इन्फार्क्टची शक्यता त्यावरून फेटाळता येत नाही. पहिल्या 48 तासांत एमआरआयसुद्धा क्वचित कोरा येतो, आणि लक्षणे ठाम असतील तर तो पुन्हा करावा लागतो.

मस्तिष्कस्तंभाच्या इतर पातळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. वरच्या भागात, म्हणजे मिडब्रेनमध्ये इजा झाली तर एका बाजूची पापणी पूर्ण मिटते, तो डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो आणि विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. मधल्या भागात, पॉन्समध्ये, इजा झाली तर एक वस्तू दोन दिसणे, डोळे आडवे न वळणे, चेहऱ्याची एक बाजू कपाळासकट पडणे असे प्रकार होतात. पॉन्सचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी बाधित झाल्यास जी अवस्था येते ती सर्वांत कठीण असते: हातपाय, चेहरा, जीभ, काहीच हलत नाही, मात्र रुग्ण पूर्ण जागा असतो, सर्व ऐकतो आणि सर्व समजतो. डोळे वर-खाली करणे आणि पापण्या मिटणे एवढेच त्याच्या हाती उरते, कारण डोळ्यांच्या उभ्या हालचालींचे केंद्र वर मिडब्रेनमध्ये असते. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर यांनी 1966 मध्ये या अवस्थेला लॉक्ड-इन सिंड्रोम असे नाव दिले. असा रुग्ण बेशुद्ध आहे असे समजून त्याच्या उशाशी उभे राहून त्याच्याविषयी वाटेल ते बोलले जाते, हे मी पाहिले आहे आणि ते फार क्लेशदायक असते. डोळे उघडे असलेल्या कोणत्याही निश्चल रुग्णाला प्रथम ‘वर बघा’ असे सांगून पाहिले पाहिजे.

तुमच्या वडिलांबाबत दिलासा देणारी बाब अशी की अशा रुग्णांपैकी पुष्कळसे काही महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, कारण स्नायूंची शक्ती गेलेली नसते, तोल परत शिकायचा असतो. तापमानाची जाणीव मात्र दीर्घकाळ कमी राहू शकते. त्यामुळे आंघोळीचे पाणी नेहमी उजव्या हाताने तपासून घ्यावे, डाव्या अंगाला गरम पाण्याची पिशवी लावू नये आणि शेगडीजवळ डाव्या हाताची विशेष काळजी घ्यावी. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चेहऱ्यात अथवा अंगात जळजळ, मुंग्या, टोचल्यासारख्या वेदना सुरू झाल्या, तर तो नवा स्ट्रोक असेलच असे नाही. बधिर भागात उद्भवणारी ती मेंदूजन्य वेदना असू शकते आणि तिच्यासाठी साध्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी औषधे लागतात.

अबोली

शुश्रूषा यांनी मस्तिष्कस्तंभाविषयी लिहिले आहेच. मी लहान मेंदूविषयी लिहिते, कारण माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी नागपुरात लहान मेंदूचा स्ट्रोक झाला आणि तुमच्या अहवालात लहान मेंदूचा उल्लेख असल्याने हे तुम्हाला माहीत असलेले बरे.

आईलाही सुरुवातीला चक्कर, उलट्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूला तीव्र वेदना एवढेच होते. पलंगावर पडून असताना ती अगदी नीट बोलत होती, हातपाय हलवत होती, पण बसवल्यावर धड सावरता येत नव्हते. पहिले दोन दिवस ती इतकी बरी दिसत होती की नातेवाईक भेटून समाधानाने परतले. तिसऱ्या दिवशी ती झोपाळू झाली. हाक मारल्यावर डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. आम्हाला वाटले की थकवा असेल. रात्रपाळीच्या परिचारिकेने मात्र तत्काळ डॉक्टरांना बोलावले. इन्फार्क्ट झालेल्या लहान मेंदूला सूज आली होती, तिच्या दाबाने मेंदूतील द्रव वाहून जाण्याची वाट बंद झाली होती आणि मस्तिष्कस्तंभावर दाब पडू लागला होता. न्यूरोसर्जननी त्याच रात्री डोक्याच्या मागच्या बाजूचे हाड काढून सुजेला जागा करून दिली. आज ती स्वतःची कामे स्वतः करते.

डॉक्टरांनी आम्हाला नंतर समजावले की कवटीचा तो कप्पा फार लहान असल्यामुळे सुजेला पसरायला वाव नसतो, ही सूज बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक होते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण खूप चांगला सावरू शकतो. तुमच्या वडिलांच्या लहान मेंदूतील डाग थोडाच असल्याने त्यांच्यावर ही वेळ येण्याची शक्यता कमी असावी आणि धोक्याचे दिवस बहुधा उलटलेही असतील. तरीही वाढती गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा पुन्हा सुरू झालेल्या उलट्या यांपैकी काही दिसले, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

नंतरच्या लक्षणांविषयी सांगायचे तर, लहान मेंदूची इजा ज्या बाजूला असते त्याच बाजूचे हातपाय अडखळतात. मोठ्या मेंदूसारखा उजव्या-डाव्याचा उलटा हिशेब इथे नसतो. आईचा डावा हात पेल्याकडे जाताना थरथरायचा, पेला जितका जवळ येईल तितकी थरथर वाढायची, आणि हात मांडीवर स्वस्थ असला की थरथर अजिबात नसायची. उजवा हात चांगला राहिल्यामुळे तिची सही वाचली. पण आमच्या शेजारच्या वॉर्डातील एका गृहस्थांच्या उजव्या हाताचे अक्षर मोठे आणि वेडेवाकडे झाले होते, त्यामुळे बँकेत निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांवरील सही जुळेना आणि त्यांना अंगठ्याची सोय करून घ्यावी लागली. तुमच्या वडिलांचीही बाजू उजवीच आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली. बोलताना आई प्रत्येक अक्षर तोडून, कधी एकदम मोठ्या आवाजात उच्चारायची. ऐकणाऱ्याला ती रागावली आहे असे वाटायचे. चालताना पाय फाकवून चालायची आणि अंधारात तोल अधिकच जायचा, म्हणून रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेवर आम्ही दिवा चालूच ठेवतो.

फिजिओथेरपिस्टनी फ्रेंकेल यांच्या नावाने ओळखले जाणारे व्यायाम दिले. त्यात ताकदीपेक्षा अचूकतेवर भर असतो: जमिनीवर खुणा करून त्यांवर नजर ठेवून, मनात आकडे मोजत, पाऊल सावकाश त्या खुणेवरच टाकायचे. घरातील फरशीच्या रेषांचा आम्ही त्यासाठी उपयोग केला. हा सराव कंटाळवाणा असतो, परंतु रोज केल्याने फरक पडतो हे मी स्वतः पाहिले आहे.

वारणाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शुश्रूषा, तुमच्यामुळे चेहरा आणि पाय यांचे कोडे प्रथमच नीट कळले, आणि पाणी उजव्या हाताने तपासण्याची सूचना आम्ही आजपासूनच अमलात आणली आहे. अबोलीताई, वडिलांना सध्या अजिबात गुंगी नाही.

आता सर्वांत मोठी अडचण नळीची आहे. वडील खुणेने चहा मागतात, आणि एक चमचा चहाने काय होणार आहे, असे आईचे म्हणणे आहे. परवा तिने ओठ ओले करण्यापुरते पाणी दिले तेव्हा त्यांना ठसकाही लागला नाही, त्यामुळे गिळणे सुधारले असावे असे तिला वाटते. तिची समजूत कशी घालावी?

स्वरयंत्र

मी वाचा आणि गिळणे यांवर उपचार करणारी थेरपिस्ट आहे. तुमच्या आईंची तळमळ मी समजू शकते, तरीही स्पष्टपणे सांगते की ठसका न लागणे ही सुधारणेची खात्री नव्हे. वरच्या वैद्यकीय वर्णनावरून लक्षात येईल की घशाच्या एका बाजूची संवेदना आणि हालचाल दोन्ही कमी झालेल्या असू शकतात. अशा वेळी द्रव श्वासनलिकेत उतरतो आणि शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून ठसका येत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, छातीत घरघर सुरू होते आणि मग न्यूमोनियाचे निदान होते. अशा आजारात रुग्णाला पुन्हा खाली ओढणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच असते. आईंना असे सांगा की चहा बंद केलेला नाही, थोडा पुढे ढकललेला आहे, आणि तो लवकर मिळावा यासाठीच आत्ता थांबायचे आहे.

मेडुलाच्या या प्रकारात आणखी एक अडचण असते. घास घशातून खाली जाताना अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू एरवी क्षणभर सैल होतो. इथे तो वेळेवर उघडत नाही. त्यामुळे रुग्णाला स्वतःची लाळही गिळता येत नाही आणि तो सतत थुंकतो. तुमच्या वडिलांना थुंकण्यासाठी वारंवार भांडे लागत असेल, तर ते हट्टीपणाने किंवा किळस वाटून करत नाहीत, हे घरातील सर्वांना समजावून सांगा. थुंकणे कमी होऊ लागले की आम्ही त्याला सुधारणेची पहिली खूण मानतो. दुसरी खूण आवाजाची: लाळ गिळल्यानंतर ‘आ’ म्हणायला सांगावे, आवाज ओलसर, बुडबुड्यांसारखा आला तर स्वरतंतूंवर अजून द्रव साचतो आहे.

रुग्णालयात गिळण्याची तपासणी करून घ्या. शक्य असल्यास क्ष-किरणांखाली घास गिळताना पाहण्याची किंवा नाकातून छोटी दुर्बीण घालून घसा पाहण्याची तपासणी करावी, म्हणजे कोणता पदार्थ सुरक्षित आहे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. कित्येक रुग्णांची नळी काही आठवड्यांत निघते. ज्यांना अधिक काळ लागतो त्यांच्यासाठी पोटातून नळी बसवण्याचा पर्याय असतो आणि तोही कायमचाच असतो असे नाही.

तोंडाने देण्याची परवानगी मिळेल तेव्हा सुरुवात पाण्याने किंवा चहाने होणार नाही, कारण पातळ पदार्थ सर्वांत वेगाने आणि सर्वांत बेभरवशाने घसरतात. एकजीव, घट्ट, चमच्यावरून ओघळणार नाही असा पदार्थ लागतो: नीट घोटलेले खिमट, घट्ट शिजवलेले नाचणीसत्त्व, साखर घालून फेटलेला चक्का. आपल्याकडे आजारी माणसाला प्रेमाने दिले जाणारे काही पदार्थ इथे नेमके धोक्याचे ठरतात. दुधात कुस्करलेली भाकरी, शिते वेगळी आणि पाणी वेगळे असलेली पेज, चहात बुडवलेले बिस्किट, यांत घट्ट आणि पातळ एकाच घासात येतात. घसा घट्ट भाग सांभाळत असताना पातळ भाग निसटून खाली जातो. हे आईंना आवर्जून सांगा.

भरवताना त्यांना पाठ सरळ ठेवून बसवावे, मान मागे टाकू देऊ नये आणि थेरपिस्टने तपासून सांगितल्यास गिळताना चेहरा दुखावलेल्या, म्हणजे त्यांच्या बाबतीत उजव्या, बाजूला वळवावा. त्यामुळे घशाची कमजोर बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. तोंडाने काहीही देत नसलात तरी दात, जीभ आणि टाळू दिवसातून अनेकदा स्वच्छ करावेत, कारण अस्वच्छ तोंडातील लाळ छातीत गेली तर न्यूमोनियाचा धोका वाढतो.

लॉक्ड-इन अवस्थेचा उल्लेख वर आला आहे, म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांच्यासाठी एक उपाय लिहिते. मराठी वर्णमाला वर्गांत मांडलेली असल्याचा इथे फार उपयोग होतो. एका पुठ्ठ्यावर स्वरांची एक ओळ आणि खाली क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. जवळच्या माणसाने आधी ओळी म्हणाव्यात, रुग्णाने हव्या त्या ओळीला नजर वर करावी. मग त्या ओळीतील अक्षरे म्हणावीत आणि पुन्हा नजर वर झाली की ते अक्षर लिहून घ्यावे. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्याव्यात, शब्द संदर्भाने कळतो. ‘प-ठ’ एवढे मिळाले तरी पाठ दुखते आहे किंवा कूस बदलायची आहे, हे घरच्यांना समजते.

पांथस्थ

हे सर्व वाचून थोडी भीती वाटली. मला वर्षातून एक-दोनदा कूस बदलताना गरगरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. अशा प्रत्येक वेळी एमआरआय करावा का? दुसरे असे की, नुकतेच माझ्या ओळखीच्या एका तरुणाला केशकर्तनालयात मान मोडून घेतल्यानंतर स्ट्रोक झाल्याचे ऐकले. हे खरोखर घडू शकते का?

शुश्रूषा

स्वरयंत्र यांनी लिहिलेला पातळ आणि घट्ट यांचा मुद्दा तर वॉर्डात लावून ठेवावा असा आहे.

पांथस्थ, तुम्ही वर्णन केलेली चक्कर बहुधा कानाच्या आतल्या कॅल्शियमच्या कणांमुळे येणारी आहे. कूस बदलताना, वर पाहताना ती येते, काही सेकंद टिकते आणि मधल्या काळात माणूस पूर्ण ठीक असतो. तिचे निदान डोके ठरावीक रीतीने झुकवून करता येते आणि एप्ली यांच्या पद्धतीने डोके क्रमाने फिरवून ती बहुतेकदा बरीही करता येते. त्यासाठी एमआरआय लागत नाही; एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून निदान पक्के करून घ्यावे.

चिंता करावी अशी चक्कर अचानक सुरू होते आणि स्वस्थ पडूनही तासन्‌तास सुरूच राहते. ही अवस्था आतल्या कानाच्या नसेला सूज आल्यानेही येते आणि स्ट्रोकमुळेही येते, आणि दोहोंत भेद करणे खरोखर अवघड असते. 2009 मध्ये जॉर्ज कट्टाह, डेव्हिड न्यूमन-टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी डोळ्यांच्या तीन तपासण्यांचा एकत्रित वापर मांडला: डोके झटकन वळवल्यावर नजर लक्ष्यावर टिकते का, उजवीकडे-डावीकडे पाहिल्यावर डोळ्यांची थरथर दिशा बदलते का, आणि एकेक डोळा झाकल्यावर दुसरा डोळा वर-खाली सरकतो का. यातील पहिल्या तपासणीचे उत्तर ऐकणाऱ्याला उलटे वाटते: सतत चक्कर असतानाही नजर व्यवस्थित टिकत असेल, तर कान निर्दोष असून दोष मेंदूत असण्याची शक्यता वाढते. या तपासण्या शिकलेल्या हातांनीच करायच्या असतात, आणि चक्कर चालू असतानाच त्यांना अर्थ असतो. घरी करून पाहू नयेत. चक्करेसोबत एका कानाने ऐकू येणे अचानक बंद झाले तर दोष कानाचाच आहे असे समजले जाते, परंतु आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी बहुधा लहान मेंदूच्या एका धमनीची शाखा असते, म्हणून तिथेही स्ट्रोकचा विचार करावा लागतो.

घरच्यांनी पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. माणूस आधाराशिवाय बसू किंवा उभा राहू शकत नसेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, बोलणे जड झाले असेल, गिळता येत नसेल, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू बधिर झाली असेल, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मानदुखी वा डोकेदुखी असेल, किंवा तो गुंगू लागला असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून जिथे सीटी, एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ आहेत अशा रुग्णालयात न्यावे. चेहरा, हात आणि वाणी या तीन खुणांचा प्रचार आता चांगला झाला आहे. त्यात तोल आणि दृष्टी यांची भर घातली नाही तर मागच्या मार्गातील कितीतरी रुग्ण त्या जाळीतून निसटतात. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवावी, कारण गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बॅसिलर धमनी बंद झाली असल्यास मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. चीनमधील दोन अभ्यासांनी 2022 मध्ये दाखवून दिले की निवडक रुग्णांत ही प्रक्रिया काही तास उलटून गेल्यावरही, 24 तासांपर्यंत, उपयोगी पडते. म्हणून उशीर झाला असे समजून घरी थांबू नये.

मान मोडण्याबाबत: होय, हे घडू शकते. व्हर्टेब्रल धमनी मानेच्या वरच्या दोन मणक्यांपाशी वळसे घेत जाते, आणि मान झटक्याने पिळली गेली की तिथे तिच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. चिरेवर गुठळी जमते, ती सुटून वर मेडुलात किंवा लहान मेंदूत अडकते. हे प्रमाण फार मोठे नाही, परंतु तरुणांमधील स्ट्रोकच्या महत्त्वाच्या कारणांपैकी धमनीला पडणारी चीर हे एक आहे, आणि मान कडकड वाजवून घेण्याने आरोग्याचा कोणताही फायदा होत नसल्याने ती सवय सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डोक्याची मालिश करून घेण्यास हरकत नाही. हनुवटी धरून झटका देऊ लागल्यास नाही म्हणावे. मान मोडून घेतल्यानंतर, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मानेच्या एका बाजूला नवे दुखणे सुरू झाले आणि काही तासांत वा काही दिवसांत चक्कर, दुहेरी दृष्टी किंवा बधिरपणा आला, तर मानेला बसलेल्या झटक्याची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण मेंदूसोबत मानेतील धमन्यांचीही अँजिओग्राफी करायची की नाही, हे बऱ्याचदा त्या एका माहितीवरून ठरते.